गिधाडे गेली तेव्हा

माणसाचे जगणे निसर्गावर अवलंबून आहे, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात येते, ५ जूनच्या फलकांवर येते, मंत्र्यांच्या भाषणात येते. इतक्या वेळा येते की ते ऐकून आता कुणी थबकत नाही. वाक्य खरे आहे. पण कोण कुणावर अवलंबून आहे, किती आणि कशासाठी, एवढे पुढे विचारले की बहुतेकांची उत्तरे प्राणवायू आणि पाऊस यांपाशी संपतात. या पुस्तकातले लेख त्यापुढच्या उत्तरांच्या शोधात लिहिले गेले. देवराई, खाडी, धरणामागचे जंगल, परसातले बियाणे असे त्यांचे विषय आहेत. पण त्या सगळ्यांच्या आधी वाचकाने एक हकीकत नीट समजून घ्यावी असे मला वाटते, म्हणून ही प्रस्तावना मी बहुतांशी गिधाडांना दिली आहे.

वाघापासून किंवा माळढोकापासून सुरुवात केली असती तर वाचकाचे मन लवकर वळले असते. गिधाड कुणाला आवडत नाही. ते मढ्यावर बसते, त्याच्या अंगाला वास येतो, त्याची मान उघडी, चाल बेंगरूळ. रामायणातल्या जटायूला आपण हात जोडतो, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेद इथे तो पडला असे मानून तिथल्या तीर्थावर जातो. पण जटायूचा वंशज घराच्या छपरावर बसला तर अपशकुन मानतो. तरीही मी याच पक्ष्याला पुढे ठेवतो आहे, कारण एखादी जीवजात नाहीशी झाली की माणसांचे काय होते, याचा भारतातला सर्वांत स्पष्ट आणि मोजून झालेला पुरावा या पक्ष्याने दिला आहे. तो पुरावा माणसांच्या प्रेतांचा आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला विचारा. गावाबाहेर ढोरे टाकायची एक जागा ठरलेली असे. बैल किंवा म्हैस मेली की तिथे नेऊन टाकत, कातडे सोडवले जाई, आणि थोड्याच वेळात आकाशात ठिपके दिसू लागत. गिधाड वासावर येत नाही, नजरेवर येते. उंचावर तरंगणारे प्रत्येक गिधाड खालच्या जमिनीवर लक्ष ठेवते, तसेच दूरवर तरंगणाऱ्या दुसऱ्या गिधाडावरही ठेवते. एक खाली उतरले की शेजारचे त्याच्या मागे, त्याच्या मागे आणखी कुणी, असे कित्येक मैलांवरचे पक्षी एका मढ्यावर गोळा होत. मोठा थवा जमला की तासा-दीड तासात सांगाडा उरे. उन्हात वाळलेली ती हाडे गोळा करून कारखान्यांना विकणारी माणसेही होती.

या पंगतीत कोण काय करतो हे पाहण्यासारखे असे. राज गिधाडाची चोच भक्कम, ते जाड कातडे फाडू शके. पांढऱ्या पुठ्ठ्याची आणि लांब चोचीची गिधाडे संख्येने सर्वांत जास्त. त्यांची लांब, पिसे नसलेली मान पोटाच्या पोकळीत खोल शिरे आणि मऊ मांस, आतडी तीच संपवत. हाडांच्या बेचक्यात उरलेले बारीक तुकडे पांढरे गिधाड आपल्या अरुंद चोचीने टिपे. हिमालयात तर हाडे खडकावर आपटून फोडणारे आणि ती गिळणारे दाढीवाले गिधाडही आहे. राहण्याच्या जागाही वेगवेगळ्या. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड उंच, जुन्या झाडांवर घरटे बांधते. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर, जिथे काळ्या कातळावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ खालूनही दिसतात. ‘विविधता’ हा शब्द आपण शोभेसाठी वापरतो. इथे विविधतेचा अर्थ अगदी रोकडा होता: एका मढ्याचा कुठलाही भाग कुजण्यासाठी उरत नव्हता, आणि कडा असो वा माळ, देशाचा कुठलाही भाग या कामातून सुटत नव्हता.

शिवाय या पक्ष्याच्या जठरातले आम्ल अत्यंत तीव्र असते. काळपुळीसारख्या रोगाने मेलेल्या जनावराचे मांसही ते पचवते आणि त्यातले रोगजंतू बहुतांशी तिथेच संपतात. कुत्र्याचे, उंदराचे, कावळ्याचे पोट हे करू शकत नाही. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचेच सगळे परिणाम आहेत.

आता कामाचा आवाका पाहा. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे, त्यांत गायीबैलच १९ कोटींच्या वर. यांतली फार मोठी संख्या म्हातारपणाने किंवा आजाराने मरते. एवढी मढी दरवर्षी उचलणारे, तेही एका पैशाच्या खर्चाविना, असे दुसरे काहीही आपल्याकडे नव्हते. कुठल्याही अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद नव्हती, कुठल्याही ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद नव्हती. १९८० च्या सुमारास देशात गिधाडे कोटींच्या संख्येने होती. इतक्या संख्येने असलेला पक्षी कुणी मोजत बसत नाही.

मोजणारा एक माणूस मात्र भरतपूरला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी नोंदवली होती. १९९६ मध्ये ते त्याच कामासाठी पुन्हा गेले तेव्हा जेमतेम १५० उरली होती. झाडांवर गिधाडे मान खाली टाकून बसलेली दिसत, मग कधीतरी खाली पडत. पुढच्या काही वर्षांत तिथली घरटी संपलीच. देशभर फिरून केलेल्या मोजणीतून जे हाती आले ते अविश्वसनीय होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्के कमी झाली. म्हणजे हजारातले एक उरले. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के गेली. जगातल्या कुठल्याही पक्ष्याची इतकी मोठी संख्या इतक्या वेगाने कोसळल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

सुरुवातीला संशय एखाद्या विषाणूवर होता. अन्न कमी पडले म्हणावे तर मढी सगळीकडे पडलेली होती. उत्तर २००४ मध्ये मिळाले. डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातली मेलेली गिधाडे तपासली, तेव्हा त्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाली होती. आणि अशा प्रत्येक पक्ष्याच्या शरीरात एकच द्रव्य सापडत होते: डायक्लोफिनॅक.

हे औषध वाचकांपैकी बहुतेकांनी घेतलेले असेल. गुडघेदुखी, कंबरदुखी, दातदुखी यांवर सर्रास दिले जाणारे साधे वेदनाशामक. १९९० च्या दशकात त्याचे पेटंट संपल्यावर ते स्वस्त झाले आणि गुरांच्या डॉक्टरांच्या पेटीतही आले. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या गायीला एक इंजेक्शन दिले की आराम पडे. शेतकऱ्याचे यात काही चुकले नाही, गुरांच्या डॉक्टरचेही नाही. जनावराचे दुखणे कमी करावे हा दयेचाच विचार होता. पण इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत ते जनावर मेले, तर औषध त्याच्या मांसात उरे, आणि ते मांस खाणारे गिधाड मूत्रपिंडे बंद पडून मरे.

औषध दिलेली सगळीच जनावरे मरत नव्हती, मेलेली सगळीच उघड्यावर पडत नव्हती. मग कोटींनी गिधाडे कशी मेली? संशोधकांनी गणित मांडले. शंभर मढ्यांपैकी एकापेक्षाही कमी मढ्यात हे औषध असले, तरी गिधाडांचा एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते. कारण एका मढ्यावर थवाच्या थवा जेवतो, आणि गिधाड आयुष्यभर मढ्यामागून मढे खात राहते. आज ना उद्या विषारी मढे वाट्याला येतेच. त्यात या पक्ष्याची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे जातात. उंदीर किंवा चिमण्या असत्या तर काही पिढ्यांत भर निघाली असती. हळू वाढणारा, दीर्घायुषी पक्षी असा एक आघात झाला की उभा राहत नाही.

इथपर्यंतची हकीकत पक्षिप्रेमींना ठाऊक आहे. माझा खरा विषय यापुढे सुरू होतो.

गिधाडे गेली, मढी राहिली. ती कुजू लागली. गावाबाहेरच्या जागा दुर्गंधीने भरल्या, पावसात तिथले पाणी ओढ्यात आणि विहिरीत उतरू लागले. आणि तिथे कुत्री जमली. आयते मांस मिळाल्याने त्यांची संख्या वाढली. पशुगणनेच्या आकड्यांवरून ही वाढ दहा-अकरा वर्षांत पन्नास लाखांहून जास्त निघते. टोळ्यांनी मढ्यावर तुटून पडणारी ही कुत्री गल्लीतल्या भाकरीच्या तुकड्यावर जगणाऱ्या कुत्र्यासारखी नसतात. ती चावतात. जगात रेबीजने मरणाऱ्या माणसांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात मरतात असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, आणि त्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हिशोब करून दाखवले की गिधाडे गेल्यामुळे वाढलेल्या कुत्र्यांच्या चाव्यांतून १९९२ ते २००६ या काळात सुमारे ४८ हजार जास्तीचे मृत्यू झाले असावेत.

त्याहून मोठा हिशोब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन यांनी देशातले जिल्हे दोन गटांत मांडले. एका गटात पूर्वी गिधाडांना मानवणारे जिल्हे, दुसऱ्यात पूर्वीपासूनच गिधाडे विरळ असणारे. डायक्लोफिनॅक येण्याआधी दोन्ही गटांतला मृत्युदर साधारण एकाच चालीने जात होता. औषध आले, गिधाडे गेली, आणि पहिल्या गटातला मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वर गेला. दुसऱ्या गटात तसे झाले नाही. पहिल्या गटात रेबीजच्या लशींची विक्री वाढली होती, पाण्यातले विष्ठेचे जंतू वाढले होते. या वाढीतून २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीची माणसे मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नुकसानीचा आकडा त्यांनी वर्षाला सुमारे ६,९४० कोटी डॉलर असा काढला.

निसर्गाची किंमत पैशांत काढण्याची ही रीत मला मनापासून पटत नाही. कुत्रे चावून मेलेल्या मुलाची किंमत डॉलरमध्ये लिहिली की आपण काहीतरी समजलो असा भास होतो, आणि समजत काहीच नाही. पण मंत्रालयात फाइल हलवायची तर रुपयांचा आकडा लागतो, हेही मी पाहिले आहे, म्हणून या अभ्यासाबद्दल मी कृतज्ञ आहे. त्याचे खरे मोल मात्र दुसरीकडे आहे. पाच लाख माणसे मेली आणि त्यांतल्या एकाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘गिधाड नसल्यामुळे’ असे कारण लिहिले गेले नाही. लिहिले गेले ताप, जुलाब, कुत्र्याचा चावा. परिसंस्था मोडते तेव्हा ती अशीच मोडते. तिचे परिणाम दुसऱ्याच नावांनी, दुसऱ्याच दप्तरांत, कित्येक वर्षांनी नोंदवले जातात. दवाखान्यातल्या डॉक्टरला गिधाड दिसत नाही आणि पक्षिनिरीक्षकाला दवाखान्यातला रोगी दिसत नाही. दोघांच्या वह्या शेजारी ठेवून पाहायला तीस वर्षे लागली.

आणि या परिणामांची झळ कुणाला बसली? औषध बनवणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला नाही. ज्याचे घर गावाच्या कडेला, ज्याची मुले अनवाणी शाळेत जातात, ज्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात लस संपलेली असते, त्याला.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. गिधाडांच्या कामाचे वर्णन करताना जुन्या गावगाड्याचे गोड चित्र रंगवण्याचा मोह होतो: गाव आणि निसर्ग कसे एकजीव होते, काही म्हणजे काही वाया जात नव्हते. पण मेलेले ढोर गोठ्यातून गावाबाहेर आपोआप जात नव्हते. ते ओढून नेण्याचे काम जन्माच्या आधारे महारांवर लादलेले होते, कातड्याचे काम ढोर-चांभारांवर. त्या कामाच्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन मिळे आणि त्याच कामाचे निमित्त करून त्यांना अस्पृश्य ठरवले जाई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे गावोगाव लोकांनी ढोरे ओढायला नकार दिला. त्यासाठी त्यांनी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली. हे व्हायलाच हवे होते, आणि फार आधी व्हायला हवे होते. त्या सगळ्या व्यवस्थेत कुणाचाही अपमान न होता होणारे काम एकच होते, ते गिधाडांचे. ते बंद पडल्यावर कुजणाऱ्या मढ्यांची विल्हेवाट पुन्हा माणसांच्याच हातांवर आली, आणि शहरात असो वा गावात, ते हात कुणाचे असतात हे सांगायला नको. निसर्ग जे काम करेनासा होतो, ते समाज आपल्या सर्वांत खालच्या पायरीवर ढकलतो. पर्यावरणाचा प्रश्न हा खात्यापित्या माणसांचा छंद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी याचा विचार करावा.

मुंबईच्या पारशी समाजाने हीच हानी वेगळ्या प्रकारे भोगली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची परंपरा शेकडो वर्षांची. अग्नी, पाणी आणि माती दूषित होऊ नये हा त्यामागचा श्रद्धेचा विचार. गिधाडे दिसेनाशी झाल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत त्यांचा उपयोग किती होणार, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. काहींनी विद्युतदाहिनीचा मार्ग धरला, काहींना तो मान्य नाही. एका पक्ष्याच्या जाण्याने एका समाजाला आपल्या माणसांना निरोप कसा द्यावा हा प्रश्न पडला. हे नुकसान कुठल्या आकड्यात बसवणार?

गिधाडांची जागा कुणीच का भरून काढली नाही, हा प्रश्न व्याख्यानांत हमखास येतो. घारी होत्या, कावळे होते, कुत्री, कोल्हे, उंदीर होते. ती जागा कुत्र्यांनी आणि उंदरांनी घेतलीच. पण जागा घेणे वेगळे आणि काम करणे वेगळे. मांस खाऊन रोग पोटात संपवणारा प्राणी गेला आणि मांस खाऊन रोग पसरवणारा आला. निसर्गात पोकळी राहत नाही असे म्हणतात ते खरे आहे, पण ती आपल्या सोयीच्या प्राण्याने भरेल असा कुठलाही नियम नाही. पांढऱ्या पुठ्ठ्याची, लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची या तिन्ही गिधाडांचे शरीर या औषधापुढे सारखेच दुबळे निघाले, म्हणून तिन्ही एकदम कोसळली. एखादी जात जरी त्यातून वाचली असती, तरी तिने बाकीच्यांचे काम काही काळ रेटले असते. अनेक जाती असण्याचा उपयोग हाच: एक कोलमडली तर दुसरी उभी राहते. त्या जाती वाचवायच्या त्या एवढ्यासाठी की उद्याचे संकट कुठल्या बाजूने येईल आणि त्या वेळी कोण टिकेल, हे आज आपल्याला ठाऊक नाही.

पुढच्या लेखांत हाच धागा इतर ठिकाणी सापडेल. मुंबईचे पाणी घ्या. विहार आणि तुळशी हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तानसा तलावाभोवती तानसा अभयारण्य आहे. भातसा आणि वैतरणेचे पाणी सह्याद्रीच्या उतारांवरून येते. नळ उघडणाऱ्या माणसाला हे जंगल दिसत नाही. ते जंगल पावसाचे पाणी मातीत मुरवते, गाळ अडवते, आणि पाऊस थांबल्यावरही ओढे वाहते ठेवते. ते तोडून धरण तेवढे ठेवले तर काही वर्षांत धरणात गाळ उरेल. आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी मुंबईला जाते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का येतो, हा प्रश्नही त्या लेखात टाळलेला नाही.

देवराईवरच्या लेखात उंबर आहे. उंबर, वड, पिंपळ यांच्या प्रत्येक जातीच्या फुलांचे परागीभवन तिची ठरावीक चिमुकली गांधीलमाशीच करू शकते; ती माशी नसेल तर त्या झाडाला बी धरत नाही. ही झाडे वर्षातल्या अशा दिवसांतही फळतात की जेव्हा रानात दुसरे फळ नसते. त्या फळांवर धनेश, वटवाघळे, वानरे जगतात आणि त्यांच्या पोटांतून रानातल्या कितीतरी झाडांचे बी दूरवर पडते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळून त्यांचे शास्त्रीय महत्त्व पुढे आणले. देवाच्या भीतीने राखलेले ते रान पाण्याचे झरेही राखत होते, हे त्या भोवतालच्या गावांना आधीपासून ठाऊक होते.

कोकणच्या खाडीवरचा लेख कोळ्यांकडून ऐकून लिहिला आहे. तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात. रायगडातला जिताडा, खाडीतले खेकडे, निवट्या, कालवे हे सगळे त्या चिखलावर जगतात. कांदळवन बुजवून जमीन तयार केली की दोन-चार वर्षांनी जाळ्यात मासळी येईनाशी होते, पण जमीन विकणारा आणि जाळे टाकणारा एकच माणूस नसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाण्यांबद्दल स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. वाल, घेवडा, भात यांचे गावठी वाण त्यांनी घरात जपले, ते कुणी विचारतही नव्हते तेव्हा. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाऊस लांबला, कीड आली, तर शेतात तग धरणारे वाण कुठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर अशा घरांत आहे.

गिधाडांकडे परत येतो, कारण ती हकीकत अजून संपलेली नाही. भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. कारण सापडल्यापासून दोन वर्षांत बंदी आली, हे आपल्या देशात लवकरच म्हणायचे. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे तितकेच उपयोगी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाले. पण माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक मोठ्या बाटल्यांत मिळत होते आणि तेच गुरांना टोचले जात होते. २०१५ मध्ये मग इंजेक्शनच्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला, म्हणजे गुराला पुरेल एवढा डोस द्यायचा तर कितीतरी बाटल्या फोडाव्या लागतील. त्यानंतर कळले की ॲसिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच होते आणि केटोप्रोफेनही गिधाडांना मारते. या दोन्हींवर २०२३ मध्ये बंदी आली, निमेसुलाइडवर त्यानंतर. एकेका औषधाचा धोका आधी गिधाडे मरून सिद्ध व्हायचा आणि मग ते बंद व्हायचे, ही पद्धत बदलली पाहिजे. गुरांसाठी कुठलेही नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधीच ते गिधाडांना निर्धोक आहे का, हे तपासणे सक्तीचे व्हायला हवे. ही मागणी शास्त्रज्ञ बरीच वर्षे करत आहेत.

हरियाणातल्या पिंजोर इथे गिधाडांचे संवर्धन केंद्र या शतकाच्या सुरुवातीला उभे राहिले. तिथे वाढलेली काही गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा इथे आणण्यात आली. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा-श्रीवर्धनच्या जंगलपट्ट्यात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे अजून घरटी करतात; तिथे स्थानिक संस्था, गावकरी आणि वनखाते यांनी मिळून मेलेली, औषधमुक्त जनावरे गिधाडांसाठी ठेवण्याची रीत घातली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला आणि गडचिरोलीत असेच काम चालते. जनावर मेले की गावातला माणूस फोन करतो, त्याला कुठली औषधे दिली होती ते विचारले जाते, आणि मग ते मढे ठरलेल्या जागी नेले जाते. हे काम करणारी बहुतेक माणसे शेतकरी आणि आदिवासी आहेत. त्यांच्या कष्टांमुळे काही ठिकाणी संख्या टिकून आहे. पूर्वीसारखे थवे मात्र आपल्या हयातीत परतणार नाहीत. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याकडून तशी अपेक्षा करताही येत नाही.

म्हणून पुढची पाने उलटण्याआधी वाचकाला एक विनंती आहे. तुमच्या घरी किंवा गावाकडच्या भावाकडे गाय, बैल, म्हैस असेल, तर पुढच्या वेळी गुरांचे डॉक्टर इंजेक्शन देतील तेव्हा त्या औषधाचे नाव विचारा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी काही असेल तर नको म्हणा, मेलॉक्सिकॅम मागा. ते सगळीकडे मिळते आणि महागही नाही.